धवल्यातली मोकळी जागा

आमच्या रेडिओ केंद्राची आजवर तीन बारशी झाली आणि तिन्ही बारशांच्या घुगऱ्या मी खाल्ल्या आहेत. त्यामुळे नवीन आलेले कुणी साहेब मला केंद्राची 'ओळख' समजावून सांगायला लागले की मी आधी चहा मागवते. लांबतं ते प्रकरण. तिन्ही नावं मी सांगत बसत नाही. पाटी तीच आहे, पत्र्याची. पहिलं नाव खरवडून त्यावर दुसरं रंगवलं आणि दुसऱ्यावर तिसरं चिकटवलं. पावसाळ्यात चिकटवलेला कागद एका कोपऱ्यात सुटतो आणि खालचं अर्धं अक्षर दिसायला लागतं. मग शिपाई शिडी लावून तो दाबून येतो.

शहापूरहून डोळखांबकडे जाताना एका टेकाडावर ही इमारत आहे. इमारत एका संस्थेची, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आमच्या. एकीत यंत्रं, दुसरीत माईक, मध्ये काच. सुरुवातीला बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना गोधड्या ठोकल्या होत्या. त्या गावातल्याच बायकांनी दिलेल्या, त्यामुळे गाणं म्हणायला आलेली बाई आधी भिंतीवर आपली गोधडी शोधायची. ती सापडेपर्यंत रेकॉर्डिंग सुरू होत नसे. आमचा आवाज डोंगराच्या अलीकडे खणखणीत पोचतो, पलीकडे त्याची मर्जी. माझं माहेर मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याशी, तिथे तर तो तेव्हा पोचतच नसे. माझी आई शेवटपर्यंत समजत होती की मी शहापुरात कुठेतरी फोन उचलायच्या कामाला आहे.

पहिल्या नावाचं केंद्र म्हणजे गावाचा ओटा होता. संस्थेच्या बाई वयस्क होत्या, जन्मभर शाळेत शिकवलेल्या, आणि त्यांचा नियम एकच: अंगणात बोलता तसं माईकवर बोला. मी बोलायचे. 'आमी आलोय', 'तुमी ऐकताय', 'आज पाऊस नाय'. ठाण्याला दिलेल्या माझ्या नणंदेला हे कळलं तेव्हा तिनं आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं. आम्ही भाताच्या रोपांबद्दल बोलायचो, नाचणीवरच्या किडीबद्दल बोलायचो, बाळंतिणीनं काय खावं ते सांगायचो. दिवाळीनंतर पाड्यांवरची घरं बंद करून माणसं वीटभट्ट्यांवर गेली की मागे राहिलेल्या म्हाताऱ्या केंद्रावर येऊन निरोप सांगायच्या. शेळी व्याली, कौलं उतरवलीत, नातवाला खोकला असेल तर अडुळसा द्या. भट्टी आमच्या आवाजाच्या टप्प्यात आहे की नाही याची त्यांना फिकीर नसायची. आपण सांगितलं, आता पोचवणं रेडिओचं काम.

माझी मावशी मात्र कित्येक वर्षं केंद्रावर यायला तयार नव्हती, आणि खरं तर सगळ्यांत आधी तिनंच यायला हवं होतं. ती धवलारीण. आमच्याकडे मंगलाष्टकांना भटजी येतात, पण त्याच्या आदल्या दिवशी मांडवाचा सगळा कारभार धवलारणीचा. ती जी गाणी म्हणते ते धवले. आधी ती देवांना बोलावते: गावदेवाला, वेशीवरच्या देवाला, डोंगराला, पाण्याला. मग त्या घरातल्या मेलेल्या माणसांना बोलावते, एकेकाचं नाव घेऊन. नाव घेतलं की पुढच्या ओळीत त्याला सांगते की ये, पाटावर बस, तुझ्या घरी लगीन आहे. त्यानंतरच हळद. तिच्या पंचक्रोशीत तिच्याशिवाय मांडव उभा राहत नसे. तिचा मुलगा, माझा मावसभाऊ, तिला मोटारसायकलवर मागे बसवून लग्नांना न्यायचा आणि ती गात असेपर्यंत मांडवाबाहेर गप्पा छाटत उभा राहायचा.

संस्थेच्या बाईंनी तिला कितीदा निरोप धाडला. ती म्हणायची, मांडव नसताना बोलावलं तर ते येतील, आणि मग? दारात पाट नाही, पाणी नाही, लगीन नाही. माणसाला उगाच बोलावून उपाशी पाठवणं बरं नव्हे, मग देवाला कसं पाठवायचं? बाईंनी ते मान्य केलं. मी केलं नाही. मला वाटायचं मावशी भाव खाते.

मग लॉकडाऊन आलं. लग्नाला मोजकी माणसं, गावाच्या वेशीवर काठ्या आडव्या टाकलेल्या, आणि मावशी घरात अडकलेली. पण ठरलेली लग्नं थोडीच थांबतात? ज्या घरांनी तिला सांगून ठेवलं होतं त्यांचे फोन यायला लागले. शेवटी माझ्या मावसभावानंच डोकं चालवलं. म्हणाला, आई, मांडव तर खरेच आहेत ना, तू रेडिओवरून बोलाव, ज्याच्या त्याच्या घरी ज्याचे त्याचे येतील. मावशीनं दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाली. केंद्रानं काढून दिलेल्या पासावर त्यानंच तिला मोटारसायकलवर आणलं.

अडचण नावांची होती. प्रत्येक घराची माणसं वेगळी, प्रत्येक गावाचे देव वेगळे, आणि धवला एकच. तर मावशीनं ठरवलं की नावाची जागा आली की ती थांबणार. तेवढ्या वेळात ज्या मांडवात रेडिओ चालू असेल त्यांनी आपापली नावं घ्यायची. मग ती पुढची ओळ म्हणणार. पण थांबायचं किती? तिला अंदाज येईना, कारण समोर घर असल्याशिवाय ती कधी गायलीच नव्हती. तेव्हा काचेच्या पलीकडे माझा मावसभाऊ उभा राहिला. मावशी थांबली की तो आवाज न करता ओठांनी नावं घ्यायचा, आपल्याच घरातली, आणि त्याचे ओठ मिटले की ती पुढे सुरू व्हायची. मी कानाला हेडफोन लावून बसले होते. त्या मोकळ्या जागांत मला फक्त तिचा श्वास आणि बांगडीची किणकिण ऐकू येत होती. रेडिओवरून नुसती शांतता गेली की आम्हा लोकांचा हात आपोआप बटणाकडे जातो. मी बाईंकडे पाहिलं, तर त्यांनी राहू दे अशी खूण केली.

त्या वर्षी ते रेकॉर्डिंग लावलं आणि एकाच मुहूर्तावर आमच्या टापूतल्या सगळ्या मांडवांनी एकदम देव बोलावले. एका घरातला किस्सा मात्र सांगायलाच हवा. नाव घ्यायची वेळ आली आणि तिथल्या दोघा भावांची जुंपली की आधी थोरल्या आजोबांचं नाव की धाकट्या. भांडण मिटेपर्यंत मावशी पुढच्या ओळीवर गेलेली. लगेच केंद्रावर फोन, आमचे आजोबे राहिले, मागं घ्या. मी पडले भिडस्त, घेतलं मागे. झालं, बाकीच्या मांडवांना वाटलं असाच क्रम असेल, आणि सगळ्यांनी आपापले पूर्वज दुसऱ्यांदा बोलावले. मी मावशीला घाबरत घाबरत सांगितलं, तर ती हसून लोळली. म्हणाली, जेवले असतील दोनदा, तुझ्या बापाचं काय जातंय.

पुढच्या लाटेत माझा मावसभाऊ गेला. आदल्या आठवड्यात फोनवर माझी थट्टा करत होता, आणि मग एकदम नव्हताच. त्याला घरी आणताही आलं नाही. त्याच्याबद्दल मी याहून जास्त लिहू शकत नाही. लिहायला बसले की राग येतो, आणि कुणाचा ते कळत नाही.

केंद्राचं दुसरं बारसं त्यानंतर झालं. बाई थकल्या, संस्थेत नवी मंडळी आली, आणि त्यांना वाटलं की केंद्र जरा गावंढळ वाटतं. आम्हाला शुद्ध भाषेचे वर्ग लावले. 'नाय'चं 'नाही' झालं, 'मंडळी'चं 'श्रोतेहो' झालं. माहिती, माहिती आणि माहिती. कुठली योजना, कुठला दाखला, कोण पात्र, कोण अपात्र. गाणी होती, पण 'लोकसंस्कृती' या अर्ध्या तासात, आणि प्रत्येक गाण्याआधी कुणीतरी त्याचं महत्त्व सांगायचं. महत्त्व गाण्यापेक्षा लांब. निरोप बंद झाले, कारण त्यात सार्वजनिक हिताचं काही नसतं असं ठरलं. गोधड्या उतरवून भिंतींना करड्या रंगाचा स्पंज लावला.

त्या दिवसांत डोळखांबकडच्या एका म्हाताऱ्याचा फोन आला. त्यानं माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि विचारलं, ती आधीची बाय कुठं गेली? मी म्हटलं, आजोबा, मीच ती. तो म्हणाला, नाय गो, ती आपल्यातली होती. मी फोन ठेवला आणि पुढची सूचना वाचली, शुद्ध भाषेत. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

माहितीचं केंद्र कुणी ऐकेना. मग तिसरं बारसं. या वेळी खूप अभ्यास झाला म्हणे. आसनगावच्या बाजूला इमारती उभ्या राहिल्या, तिथून रोज कल्याण-मुंबईला जाणारी पोरंपोरी वाढली. ती आमची गिऱ्हाइकं. एक सल्लागार आले आणि त्यांनी फळ्यावर एका मुलीचं चित्र काढलं. ही तुमची श्रोता. पंचवीस वर्षांची, पर्समध्ये पास, कानात इअरफोन, गाव मागे, ऑफिस पुढे. बोलायचं ते हिच्याशी. फास्ट बोलायचं, थोडं हिंदी टाकायचं, आणि मुख्य म्हणजे थांबायचं नाही. थांबलात की मुलगी गेली. या थांबण्याला ते 'डेड एअर' म्हणायचे आणि म्हणताना असा चेहरा करायचे की कुणाच्या घरी प्रेत पडलंय.

मी हसले खरी, पण शिकले. माझ्या वयाची बाई 'हाय गाइज' म्हणते तेव्हा आधी जीभ अडखळते, मग सवय होते. आणि नव्याला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. दुकानांतून आमचं केंद्र वाजायला लागलं, मोबाइलवर आलं, आणि डोंगराच्या पलीकडे, माझ्या माहेरीही पोचलं. माझी स्वतःची मुलगी माझा कार्यक्रम पहिल्यांदा याच काळात ऐकायला लागली. नवे मॅनेजर कल्याणचे, तरुण, कामाला वाघ, कुणाला टाकून न बोलणारे. केंद्र आज चालू आहे ते त्यांच्यामुळे. नाहीतर दुसऱ्या नावाखालीच आम्ही गाशा गुंडाळला असता.

या सगळ्या काळात मावशी लग्नांत गात होती, पण आधीसारखी नाही. मोटारसायकल दारात गंजत होती. कुणी रिक्षा पाठवली तर जायची. गेल्या वर्षी भातकापणीच्या आधी तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि जीभही बांधली गेली. 'हां' आणि 'नको' एवढंच येत होतं, तेही तिचं तिलाच आवडायचं नाही, म्हणून ती मानेनंच भागवायची.

आणि तिच्या नातीचं, माझ्या त्या मावसभावाच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी आसनगावाहून रोज गाडी पकडते, कल्याणला एका कंपनीत बसते, कानात इअरफोन. सल्लागारांच्या फळ्यावरची मुलगी म्हणजे हीच. नातेवाइकांनी तिला सांगितलं, दुसऱ्या गावची धवलारीण आणू, मावशीनं मानेनं हो म्हटलंसुद्धा. कुणी म्हणालं डीजे ठेवू. मुलगी ऐकेना. ती एका सुट्टीच्या दिवशी दुपारी केंद्रावर आली आणि म्हणाली, आत्या, आजीचा तो रेडिओवरचा धवला आहे ना, तोच लावायचा. तिला आजीच्या तोंडून आपल्या बापाला मांडवात बोलवायचं होतं. बाप गेला तेव्हा त्याला कुणाला शेवटचं पाहता आलं नाही, घरी आणता आलं नाही. निदान लग्नाला तरी त्याला रीतसर घरी बोलवायला हवं, आणि बोलवणारी त्याची आई हवी, एवढंच तिचं म्हणणं. बाकी लग्न साधं केलं तरी चालेल, म्हणाली.

मी म्हटलं, अगं हे काय, आत्ता काढते. जुनी सगळी रेकॉर्डिंग नव्या संगणकात उतरवलेली होती, मी शोधून लावलं. मावशीचा आवाज आला आणि आम्ही दोघी सरसावून बसलो. गावदेव आला, वेस आली, डोंगर आला. आणि मग नावाची जागा आली, नि गेली. म्हणजे आलीच नाही. मावशी एका ओळीवरून थेट पुढच्या ओळीवर. मला वाटलं माझंच लक्ष उडालं. मागे घेतलं, पुन्हा तेच. आम्ही अख्खा धवला ऐकला, त्यात कुठेही मावशी थांबत नव्हती. सुरेख, सलग, कार्यक्रमात लावावा असा.

मॅनेजरांना बोलावलं. ते ऐकून लगेच म्हणाले, मॅडम, जुनं उतरवताना सॉफ्टवेअर रिकामी जागा आपोआप काढून टाकतं, तसं सेटिंग होतं. सगळ्याच फायलींना ते लावलेलं. मूळ रेकॉर्डिंग? ते ज्या जुन्या मशीनवर होतं ते केव्हाच भंगारात गेलं होतं. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं, पण आपण नेमकं काय घालवलं ते त्यांना समजेना, आणि मला समजावता येईना. मी एवढंच म्हटलं की ती जागा रिकामी नव्हती.

मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "आत्या, मग बाबाला बोलवायचं कुठं?"

मॅनेजरांनी उपाय काढला. सोपं आहे म्हणाले, जिथे जिथे हवं तिथे शांतता परत टाकू, एकसारखी. टाकली. ऐकलं तर शाळेतल्या प्रार्थनेला बाई थांबून थांबून ओळ सांगतात तसं झालं होतं. नवरीचं नाव एकच असतं, ते पटकन होतं, तिथे मांडव ताटकळला असता. देवांची नावं चार बायका मिळून घेतात, तिथे जागा पुरली नसती. शांतता कुठे टाकायची ते मला माहीत होतं, किती ते नाही. ज्याच्या ओठांवर ती मापली होती तो आता नव्हता. राहिली मावशी.

तेव्हा मी केंद्राचा लॅपटॉप घेतला आणि तिच्या गावी गेले. पडवीत ती खाटेवर टेकून बसली होती, भिंतीशी उन्हात सुनेनं, म्हणजे नवरीच्या आईनं, नाचणी वाळत घातली होती. मी मावशीला सगळं सांगितलं. आवाज लावला. आपलाच धडधाकट आवाज ऐकून तिचे डोळे भरले, माझे आधीच भरले होते. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि कामाला लागायची खूण केली.

रीत आम्ही तिथेच ठरवली. मी धवला लावायचा, नावाची जागा आली की थांबवायचा. मावशी डावा हात वर करणार. हात वर आहे तोवर शांतता, हात खाली आला की पुढची ओळ. मी तेवढी जागा भरून घ्यायची आणि तिला पुन्हा ऐकवायची. पटलं तर 'हां', नाही पटलं तर हात पुन्हा वर. नवरीच्या नावाला हात नुसता उचलला नि टेकवला. नवऱ्याच्या आईच्या नावाला जरा जास्त, मला वाटतं मान म्हणून. देवांना भरपूर. सून मधूनमधून चहा आणत होती आणि मावशी तिला हातानंच बाजूला सारत होती. कितीतरी दिवसांनी मी तिला अशी हुकमत करताना पाहिलं. मला फार बरं वाटलं.

मग मेलेल्यांच्या नावाची जागा आली. आधी आजा-पणजांची, तिथे हात झटकन खाली आला, ती नावं सगळ्यांना पाठ असतात. त्यानंतर घरातल्या सगळ्यांत अलीकडे गेलेल्या माणसाची. इथे नाव एकच घ्यायचं, तीन अक्षरांचं. मावशीनं हात वर केला. मी वाट पाहिली. हात वरच. सून दारातून हळूच म्हणाली की दमल्या असतील, राहू द्या आता. मलाही वाटलं की करता करता तिचं भान सुटलं, लेकाच्या आठवणीत गेली असेल. मी पुढची ओळ लावायला बोट नेलं, तर तिनं अशा नजरेनं पाहिलं की मी बोट मागे घेतलं. तिनं कोपर खाटेच्या कडेला टेकवलं, पण हात खाली आणला नाही. आणला तेव्हा मला वाटलं, ही तर उगाचच लांब जागा झाली. ऐकवली. तिनं ठाम सांगितलं, "हां."

केंद्रावर मॅनेजरांनी सगळं ऐकून पाहिलं. बाकी त्यांना आवडलं. त्या एका जागेला त्यांनी चेहरा वाकडा केला. म्हणाले, मॅडम, एवढ्या वेळात मांडवातली माणसं समजतील की मशीन बंद पडलं, कुणीतरी उठून बटण दाबेल. बोलणं खोटं नव्हतं. मी मॅडम असले तरी रेडिओचीच बाई, माझाही हात शिवशिवत होता. पण मावशीनं मापून दिलेलं कमी करायचं म्हणजे तिच्या तोंडावर खोटं बोलणं झालं असतं. ठेवलं तसंच.

मांडवाच्या दिवशी अंगणात माणूस मावत नव्हता. एक स्पीकर खांबाला बांधला होता, आणि पाटासमोर मावशीला खुर्चीत आणून बसवलं होतं, नवं लुगडं, कपाळ कोरं, डोक्यावरून पदर. धवला सुरू झाला. पहिल्या नावाला बायका जरा चाचरल्या, मग त्यांना लय सापडली. देव आले, वेस आली, डोंगर आला, आणि प्रत्येकाला पुरेल एवढी जागा बरोबर होती. मागे राहून मीही नावं घेत होते. आजा-पणजांची नावं पुरुषांनी खड्या आवाजात घेतली, ते येऊन बसले असं समजायचं.

मग ती जागा आली. घरातला कर्ता पुरुष नाव घेतो अशी रीत, म्हणून नवरीचा चुलता पुढे सरकला होता. नवरीची आई तर घेऊ शकत नव्हती, आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव असं घेत नाही. चुलत्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात मावशीनं डावा हात त्याच्यासमोर आडवा धरला. तो थांबला. स्पीकर गप्प होता. मावशीनं मान वर केली, ओठ जुळवले, आणि पहिलं अक्षर बाहेर आलं.

आजारी पडल्यापासून तिनं 'हां' आणि 'नको'पलीकडे काही उच्चारलं नव्हतं. आम्हाला वाटत होतं तेवढंच तिला येतं. दुसऱ्या अक्षराला जीभ वळेना. तिनं डोळे मिटले, पुन्हा ओठ जुळवले. तिला मदत करायला कुणीही नाव घेतलं नाही. ज्याला ते ठाऊक नव्हतं असा एकही माणूस त्या मांडवात नव्हता, तरी सगळे वाट पाहत होते. खांबाजवळ उभ्या माणसाचा हात स्पीकरच्या बटणाकडे गेला होता, तो मी धरून ठेवला. आता मला कळलं की पडवीत बसून ती काय मोजत होती. आपली जीभ किती वेळ घेईल ते तिनं आधीच पाहून ठेवलं होतं, बहुधा घरात कुणी नसताना, पुन्हा पुन्हा म्हणून.

दुसरं अक्षर आलं. नवरीनं तिचा पदर घट्ट पकडला होता. तिसरं आलं ते जवळजवळ श्वासातच, पण सगळ्यांना ऐकू गेलं. आणि तिचे ओठ मिटतात न मिटतात तोच स्पीकरवरून तिच्याच चांगल्या, भरल्या आवाजात पुढची ओळ आली, आणि तिनं आपल्या लेकाला सांगितलं की ये, पाटावर बस, तुझ्या घरी लगीन आहे.